संत जाँ द ब्रेबफ आणि लाक्रॉस खेळाचे नाव

दरवर्षी १९ ऑक्टोबर रोजी ख्रिस्तसभा उत्तर अमेरिकेच्या भूमीवर प्राणार्पण केलेल्या आठ रक्तसाक्षींचे स्मरण करते. कॅनडात हाच सण २६ सप्टेंबरला साजरा होतो. या आठ जणांत वयाने सर्वांत ज्येष्ठ होते येशूसंघाचे धर्मगुरू संत जाँ द ब्रेबफ. आपल्याकडील पॅरिशमध्ये त्यांचे नाव क्वचितच कानी पडते. क्रीडाजगतात मात्र ते एका निराळ्याच कारणाने घेतले जाते. लाक्रॉस या खेळाला त्यांनी नाव दिले, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते.

लाक्रॉस हा आपल्या गावांत दिसणारा खेळ नव्हे. लांब काठीच्या टोकाला जाळीची लहान झोळी असते. त्या झोळीत चेंडू झेलायचा, तो घेऊन धावायचे, सहकाऱ्याकडे फेकायचा आणि शेवटी प्रतिपक्षाच्या गोलात मारायचा, असे त्याचे स्वरूप आहे. हा खेळ १९०४ आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये पदकांसाठी खेळला गेला होता. त्यानंतर तो पदकांच्या यादीतून गेला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची १४१ वी सभा ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत भरली, तेव्हा २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेटबरोबरच लाक्रॉसलाही मान्यता मिळाली. क्रिकेटच्या आनंदात दुसऱ्या नावाकडे आपले फारसे लक्ष गेले नाही, हे स्वाभाविकच होते. परंतु त्या नावामागे एका संताची लेखणी आहे आणि त्या लेखणीमागे एक विलक्षण जीवन आहे.

जन्म आणि पाचारण

जाँ द ब्रेबफ यांचा जन्म २५ मार्च १५९३ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात कोंदे-सूर-वीर या गावी झाला. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगायचे, तर आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे राजमाता जिजाऊंचा जन्म १५९८ मध्ये झाला. म्हणजे दोघेही एकाच दशकातील.

१६१७ च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, जाँ यांनी रूआँ शहरात येशूसंघात प्रवेश केला. धर्मगुरुपदाला आपण योग्य नाही, असे त्यांना नम्रतेने वाटत होते. संघात साधा बंधू म्हणून राहावे, पडेल ते काम करावे, अशी त्यांची इच्छा होती. वरिष्ठांनी मात्र त्यांना धर्मगुरुपदाच्या मार्गावर नेले. काही काळ त्यांनी रूआँच्या महाविद्यालयात शिकवले. पण क्षयाने त्यांना इतके ग्रासले की शिकवणे आणि शिकणे दोन्ही थांबले. १६२२ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे ते त्याच महाविद्यालयाचा जमाखर्च पाहू लागले. पुढच्या काळातील त्यांचे कष्ट पाहिले, तर हाच तो आजारी तरुण यावर विश्वास बसू नये. ते उंच आणि धिप्पाड होते. त्यांच्या आडनावात फ्रेंच भाषेतील बैलाचा शब्द ऐकू येतो. त्यावरून आपण ओझी वाहण्याच्याच लायकीचे आहोत, असा विनोद ते स्वतःवर करीत.

त्याच सुमारास आपल्या भूमीवर येशूसंघाचे दुसरे एक धर्मगुरू आपले जीवनकार्य पूर्ण करीत होते. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी आत्मसात केली आणि त्यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. १६१९ मध्ये ते गोव्यातच प्रभूघरी गेले. फादर स्टीफन्स आणि फादर ब्रेबफ यांची भेट कधी झाली नाही. एकाने ओवीची वाट धरली, दुसऱ्याने बर्फातली. पण लोकांची भाषा शिकल्याशिवाय लोकांपर्यंत पोहोचता येत नाही, ही जाण दोघांचीही होती.

कॅनडाकडे प्रयाण

१६२५ च्या जूनमध्ये फादर ब्रेबफ सहकाऱ्यांसह क्वेबेक येथे उतरले. तेथे पोहोचलेला येशूसंघाचा हा पहिलाच गट. त्यांनी पहिला हिवाळा इन्नू या भटक्या शिकारी लोकांबरोबर काढला. सालींच्या झोपडीत धूर आणि कुत्री, बाहेर गोठवणारी थंडी आणि अन्नाची शाश्वती नाही, अशा स्थितीत सुमारे पाच महिने ते त्यांच्याबरोबर हिंडले आणि त्यांची भाषा ऐकत राहिले.

१६२६ मध्ये ते वेन्डाट लोकांच्या प्रदेशाकडे निघाले. हा प्रदेश म्हणजे आजच्या ओंटारियो प्रांतातील जॉर्जियन उपसागराचा किनारा. फ्रेंच लोक या लोकांना ह्युरॉन म्हणत. ते नाव त्यांचे स्वतःचे नव्हते. डोक्यावरच्या ताठ केसांवरून किंवा त्यांना रानटी समजून फ्रेंचांनी ते चिकटवले, असे सांगितले जाते. ते स्वतःला वेन्डाट म्हणत. ते मका पिकवणारे शेतकरी होते. लाकडी कुंपणाच्या गावांत, लांबच लांब घरांत अनेक कुटुंबे एकत्र नांदत.

क्वेबेकपासून तेथवरचा प्रवास सुमारे १३०० किलोमीटरचा आणि महिनाभराचा. भूर्जाच्या सालीच्या हलक्या नावेत पाय आखडून बसायचे. धबधबा किंवा खडकाळ उतार आला की नाव आणि सामान खांद्यावर घेऊन रानातून चालायचे. पुढे १६३४ मध्ये याच वाटेने जाताना फादर ब्रेबफ यांनी मोजदाद ठेवली: पस्तीस वेळा सामान वाहून न्यावे लागले आणि किमान पन्नास वेळा नाव ओढत न्यावी लागली. खाण्यास दोन दगडांमध्ये भरडलेला मका, तोही मोजकाच.

या प्रवासासाठी नंतर येणाऱ्या धर्मगुरूंना त्यांनी पुढे काही सूचना लिहून दिल्या. त्या वाचताना त्यांचा स्वभाव कळतो. नावेत चढताना सोबत्यांना ताटकळत ठेवू नये. पायांबरोबर वाळू किंवा पाणी आत आणू नये. त्यांनी दिलेले अन्न, कसेही लागले तरी, खावे. रुंद काठाच्या टोपीने मागच्या माणसाला त्रास होतो, तर ती घालू नये. चिलीम पेटवण्यास उपयोगी पडेल असे काही जवळ ठेवावे. थोडक्यात, त्या नावेत पाहुणा आपण आहोत याचे भान ठेवावे. प्रवचन कसे द्यावे याआधी नावेत कसे बसावे हे सांगणारा हा मिशनरी होता.

वेन्डाट लोकांनी त्यांना एकॉन असे नाव दिले. ओझे वाहणारा, असा त्याचा अर्थ अनेकदा सांगितला जातो. अर्थाबद्दल मतभेद आहेत. पण लोकांनी त्यांना आपल्या भाषेत नाव दिले, याचाच अर्थ मोठा आहे.

१६२९ मध्ये इंग्रजांनी क्वेबेक जिंकले आणि सर्व मिशनऱ्यांना फ्रान्सला परतावे लागले. इकडे त्याच वर्षी दौलताबादेत लखुजी जाधवराव मारले गेले. तिकडे एका नव्या मिशनकार्याचा पायाच उखडला गेला. १६३२ च्या तहाने तो प्रदेश फ्रान्सला परत मिळाला. १६३३ मध्ये फादर ब्रेबफ पुन्हा कॅनडात आले आणि १६३४ मध्ये फादर आंत्वान दानिएल व फादर आंब्रवाझ दाव्होस्त यांच्यासह वेन्डाट प्रदेशात पोहोचले. इहोनातिरिया या गावी त्यांनी मुक्काम केला.

भाषेची शाळा

वेन्डाट भाषा शिकणे सोपे नव्हते. तिला लिपी नव्हती, व्याकरणाचे पुस्तक नव्हते. बोलताना हे लोक ओठ मिटतच नाहीत, असे फादर ब्रेबफ यांच्या ध्यानात आले. आपल्या प, ब, म यांसारखे ओष्ठ्य वर्ण त्या भाषेत नव्हते. ते ऐकत गेले, लिहीत गेले, सहकाऱ्यांना शिकवत गेले. शब्दसंग्रह आणि व्याकरण तयार झाले. धर्मशिक्षणाच्या एका पुस्तकाचा त्यांनी त्या भाषेत केलेला अनुवाद १६३० च्या दशकाच्या आरंभीच फ्रान्समध्ये छापला गेला होता. नाताळचे एक वेन्डाट गीतही परंपरेने त्यांच्या नावावर आहे आणि कॅनडात ते आजही गायले जाते.

एक अडचण तर आपल्यापैकी प्रत्येकाला विचार करायला लावणारी आहे. वेन्डाट भाषेत पिता हा शब्द एकटा उच्चारताच येत नसे. माझा पिता, आमचा पिता, त्याचा पिता असे नाते जोडूनच तो शब्द पुरा होई. मग क्रूसाची खूण करताना पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांची नावे कशी घ्यायची? फादर ब्रेबफ यांनी वरिष्ठांना पत्राने विचारले की आमचा पिता, त्याचा पुत्र आणि त्यांचा पवित्र आत्मा, असे म्हणण्यास अनुमती आहे का. त्रैक्याच्या रहस्यातील नाते त्या भाषेच्या व्याकरणातच उतरले होते!

दुसरी अडचण अधिक नाजूक होती. ज्याचे आईवडील वारले आहेत, त्याच्यासमोर त्यांचा उल्लेख करणे हा त्या लोकांत अपमान समजला जाई. नुकतीच आई गमावलेल्या एका स्त्रीला आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा सहज सांगितली गेली, तेव्हा स्नानसंस्कार घेण्याची तिची इच्छा जवळजवळ मावळली. शब्द बरोबर होते, पण दुसऱ्याच्या दुःखाची रीत ठाऊक नव्हती. फादर ब्रेबफ यांनी हे लपवले नाही. पुढच्यांना उपयोगी पडावे म्हणून लिहून ठेवले.

खेळाचा उल्लेख

येशूसंघाचे मिशनरी दरवर्षी आपल्या कार्याचा वृत्तांत फ्रान्सला पाठवीत आणि तो पॅरिसमध्ये छापला जाई. १६३६ च्या उन्हाळ्यात फादर ब्रेबफ यांनी इहोनातिरियाहून असाच मोठा वृत्तांत पाठवला. तो छापून आला १६३७ मध्ये. म्हणूनच या खेळाच्या नावासाठी कोठे १६३६ तर कोठे १६३७ असे वर्ष दिलेले आढळते. त्यात भाषा आहे, विवाह आणि अंत्यविधी आहेत, गावसभा आहेत, आणि आजारपणातील उपायांच्या प्रकरणात खेळही आहेत.

खेळ आणि आजारपण यांचा संबंध काय, असे आपल्याला वाटेल. वेन्डाट लोकांत खेळ हा उपचारही होता. एखादा माणूस तापाने फणफणला की वैदू त्याच्यासाठी काठी-चेंडूचा डाव सांगे. किंवा त्या आजाऱ्यालाच स्वप्न पडे की सारा मुलूख आपल्यासाठी खेळला नाही तर आपण जगणार नाही. मग तो माणूस कितीही सामान्य असो, मोकळ्या मैदानात गावाविरुद्ध गाव उभे राही. चुरस वाढावी म्हणून बीव्हर या प्राण्याच्या कातड्याची वस्त्रे आणि शंखमण्यांच्या माळा पैजेला लावल्या जात. कधी वैदू म्हणे की सारा देशच आजारी आहे. मग गावोगावी दवंडी जाई आणि प्रत्येक गावचा प्रमुख तरुणांना खेळात उतरण्याची आज्ञा करी.

फादर ब्रेबफ यांना हा उपचार पटत नव्हता. त्यांना ती अंधश्रद्धा वाटली आणि तसे त्यांनी कळवळून लिहिले. तरीही जे पाहिले ते त्यांनी नीट नोंदवले. एका सामान्य आजाऱ्यासाठी गावेच्या गावे मैदानात उतरतात, हेही त्यांच्याच नोंदीतून आपल्याला कळते. या खेळासाठी त्यांनी फ्रेंच भाषेतील क्रॉस हा शब्द वापरला. या खेळाच्या सर्वांत जुन्या लेखी उल्लेखांत ही नोंद मोडते. पुढे त्यालाच ला हे फ्रेंच उपपद चिकटले आणि लाक्रॉस हे नाव रूढ झाले.

नावाचा अर्थ

येथे आपल्यासारख्या ख्रिस्ती वाचकांचा एक गैरसमज होऊ शकतो. हा क्रॉस म्हणजे प्रभू येशूचा क्रूस नव्हे. क्रूसासाठी फ्रेंचमध्ये क्र्वा असा वेगळा शब्द आहे. क्रॉस म्हणजे टोकाशी वळलेली काठी. महागुरुस्वामींच्या हातात असणाऱ्या मेंढपाळदंडालाही फ्रेंचमध्ये हाच शब्द आहे. त्यावरून एक कथा प्रचलित झाली: फादर ब्रेबफ यांनी खेळाडूंच्या हातातील काठ्या पाहिल्या, त्यांना महागुरूंचा दंड आठवला आणि त्यांनी खेळाला ते नाव दिले.

कथा गोड आहे, पण त्यांच्या खेळाच्या वर्णनात अशी तुलना आढळत नाही. तेथे काठीचा आकारही सांगितलेला नाही. ते हा शब्द असा वापरतात, जणू फ्रान्समधल्या वाचकाला तो ठाऊकच आहे. आणि तो होताच! फ्रान्समध्ये, विशेषतः त्यांच्या नॉर्मंडीत, वाकड्या काठीने चेंडू मारण्याचे खेळ जुन्या काळापासून चालत आले होते आणि त्यांना हेच नाव होते. आपल्यापैकी कोणी परदेशात दांड्याने लाकडाचा तुकडा टोलवताना मुले पाहिली, तर घरी लिहिताना तो त्यांचा विटीदांडू असेच म्हणेल. तसेच हे घडले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

मग महागुरूंच्या दंडाचा संबंध अगदीच नाही का? आहे, पण तो मुळाशी आहे. मेहकर-लोणारच्या माळावर मेंढरांमागे चालणारा धनगर आठवावा. उंच फांदी खाली ओढायला त्याला टोकाशी आकडी असलेली काठी लागते. मेंढपाळाची अशी वाकडी काठीच पुढे महागुरूंच्या हातात आली आणि तिला वेगळे तेज चढले. खेळातली काठी, धनगराची काठी आणि महागुरूंचा दंड, तिन्ही वाकलेल्या टोकामुळे एका शब्दात आली. त्यामुळे कथा पूर्ण खरी नाही आणि पूर्ण खोटीही नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. फादर ब्रेबफ यांनी हा खेळ शोधला नाही. तो तेथील मूळ लोकांचा होता आणि त्यांच्या भाषांत त्याला स्वतःची नावे होती. मोहॉक लोक त्याला तेवाराथॉन म्हणतात, ओजिब्वे लोकांचे नाव वेगळे. नाव लिहिणाऱ्याच्या भाषेत रूढ होते आणि मूळ नाव मागे पडते, हे जगभर घडले आहे. बुलढाणा हे नावसुद्धा भिल्लांच्या ठाण्यावरून, म्हणजे भिलठाण्यावरून आले, असे आपल्याकडे सांगतातच.

साथीचे वर्ष आणि संशय

फादर ब्रेबफ यांच्या जीवनातील सर्वांत कठीण काळ याच सुमारास सुरू झाला. १६३४ पासून वेन्डाट गावांत साथी येऊ लागल्या आणि १६३९-४० मध्ये देवीची साथ आली. युरोपीय लोकांबरोबर आलेल्या या रोगांशी झुंजण्याची शक्ती त्या लोकांच्या शरीरात नव्हती. काही वर्षांतच त्यांची सुमारे निम्मी लोकसंख्या नष्ट झाली. रोग कसा पसरतो, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, मिशनऱ्यांनाही नाही.

लोकांना एवढेच दिसत होते की हे काळ्या झग्याचे पाहुणे आले आणि मरण आले. पाहुणे आजारी पडून बरे होत होते, घरची माणसे मरत होती. धर्मगुरू मरणाच्या दारात असलेल्यांना स्नानसंस्कार देत आणि तो माणूस थोड्याच वेळात मरे. मग त्या पाण्यातच मरण आहे, असे वाटले तर नवल नाही. त्यांच्या वधाची चर्चा गावसभांत झाली. १६३७ मध्ये तर शेवट जवळ आला, असे समजून फादर ब्रेबफ यांनी तेथील रीतीप्रमाणे लोकांना निरोपाची मेजवानी दिली. मृत्यूपूर्वी माणूस आपल्या लोकांना जेवू घालतो, ती ही रीत. त्या वेळी ते वाचले.

या दुःखाची बाजू झाकून संतचरित्र सांगणे योग्य होणार नाही. ज्या लोकांवर त्यांनी प्रेम केले, त्यांच्यावर त्याच काळात अशी आपत्ती आली की तिच्या मुळाशी परदेशी लोकांचे येणे होते. फादर ब्रेबफ यांना हे कारण समजणे शक्य नव्हते. पण ते लोकांना सोडून गेले नाहीत.

१६३९ मध्ये सेंट-मेरी हे मुख्य केंद्र उभारले गेले. १६४०-४१ च्या हिवाळ्यात ते शेजारच्या दुसऱ्या लोकांकडे गेले, पण तेथे बहुतेक दारे बंद झाली. त्या काळातच बर्फावर पडून त्यांच्या खांद्याचे हाड मोडले. पुढची काही वर्षे क्वेबेकमध्ये राहून ते मिशनची व्यवस्था पाहत होते. १६४४ मध्ये ते परत वेन्डाट लोकांकडे आले, ते कायमचेच.

रक्तसाक्ष

वेन्डाट आणि इरोक्वा यांचे वैर जुने होते. बीव्हरच्या कातड्याच्या व्यापारामुळे आणि डच व्यापाऱ्यांकडून आलेल्या बंदुकांमुळे ते विकोपाला गेले. साथींत गमावलेल्या माणसांच्या जागी कैदी आणून त्यांना आपल्यात सामावून घेणे, हाही इरोक्वांचा हेतू होता. म्हणजे हे केवळ धर्माचे युद्ध नव्हते. धर्मगुरू त्यात सापडले, कारण ते ज्यांच्यात राहत होते त्यांच्याबरोबरच राहिले.

१६ मार्च १६४९ रोजी पहाटे हजाराहून अधिक इरोक्वा योद्ध्यांनी सेंट इग्नेशियस हे गाव घेतले आणि मग ते सेंट लुईस गावावर चालून आले. तेथे फादर ब्रेबफ आणि फादर गाब्रिएल लालमाँ होते. लालमाँ त्या प्रदेशात येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. निघून जाण्याचा आग्रह झाला, पण दोघांनी नकार दिला. मरणाऱ्यांना स्नानसंस्कार आणि पापक्षमा देत ते थांबले आणि पकडले गेले.

त्यांचा छळ कसा झाला, याचे तपशील सहकाऱ्यांनी लिहून ठेवले आहेत. ते सर्व येथे सांगण्याची गरज नाही. त्यांच्यावर स्नानसंस्काराची टवाळी म्हणून उकळते पाणी ओतले गेले, एवढे पुरे. फादर ब्रेबफ बोलू शकत होते तोवर बरोबरच्या कैद्यांना धीर देत राहिले. त्याच दिवशी दुपारनंतर त्यांचे प्राण गेले. छप्पन्नाव्या वाढदिवसाला नऊ दिवस उरले होते. फादर लालमाँ दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. त्यांच्या धैर्याचा मारणाऱ्यांवरही असा परिणाम झाला की ते धैर्य आपल्यात यावे म्हणून त्यांनी फादर ब्रेबफ यांचे हृदय खाल्ले, असे त्या वृत्तांतांत नमूद आहे.

त्यानंतर वेन्डाट लोकांची दाणादाण झाली. सेंट-मेरीचे केंद्र धर्मगुरूंनी स्वतःच जाळून सोडले. काही लोक इरोक्वांत मिसळले, काही पश्चिमेकडे गेले, काही क्वेबेकजवळ स्थायिक झाले. त्यांचे वंशज तेथे वेन्डाके या गावी आजही राहतात.

पोप पायस अकरावे यांनी १९२५ मध्ये या आठ जणांना धन्यवादित आणि २९ जून १९३० रोजी संत म्हणून घोषित केले. कॅनडातील मिडलंड येथे त्यांचे तीर्थस्थान आहे. १९८४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला भेट दिली. २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस कॅनडात गेले ते प्रायश्चित्ताचे यात्रेकरू म्हणून. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील निवासी शाळांत मूळ लोकांच्या मुलांवर जो अन्याय झाला, त्यांची भाषा आणि संस्कृती हिरावली गेली, त्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली. ब्रेबफ यांच्या काळात त्या शाळा नव्हत्या. पण ज्या लोकांची भाषा शिकण्यासाठी एका संताने आयुष्य वेचले, त्याच भूमीवर पुढे भाषा पुसण्याचे काम झाले, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

खेळाचे पुढे काय झाले

खेळाच्या वाट्यालाही असेच काहीसे आले. १८५६ मध्ये माँट्रियल येथे गोऱ्या खेळाडूंचा क्लब निघाला. १८६७ मध्ये जॉर्ज बिअर्स या दंतवैद्याने खेळाचे नियम बांधले. १८८० पासून ज्यांचा हा खेळ, त्या मूळ लोकांनाच कॅनडातील संघटनेने अजिंक्यपद स्पर्धांतून वगळले. १९८३ मध्ये इरोक्वा लोकांनी, म्हणजे आजच्या हौदेनोसौनी समाजाने, आपला स्वतंत्र संघ उभारला आणि तो जागतिक स्पर्धांत आपल्या ध्वजाखाली खेळू लागला. कॅनडाने १९९४ मध्ये लाक्रॉसला उन्हाळ्यातील राष्ट्रीय खेळ म्हणून मान्यता दिली. हौदेनोसौनी लोक आजही त्याला निर्मात्याने दिलेला आणि आजाऱ्याला बरे करणारा खेळ मानतात. फादर ब्रेबफ यांनी १६३६ मध्ये जे नोंदवले, त्याचा धागा असा आजपर्यंत येतो.

आपल्यासाठी बोध

नाव देण्याच्या कथेमुळे फादर ब्रेबफ क्रीडाप्रेमींच्या ध्यानात राहिले. परंतु खेळाचे नाव ही त्यांच्या हातून सहज घडलेली गोष्ट. त्यांनी जाणीवपूर्वक केले ते काम निराळे होते: दुसऱ्याचे शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकून लिहून ठेवण्याचे. वेन्डाट भाषा बोलणारी शेवटची पिढी पुढे नाहीशी झाली. आज वेन्डाके येथील लोक आपली भाषा पुन्हा शिकत आहेत आणि त्यासाठी त्यांना आधार मिळतो तो येशूसंघाच्या धर्मगुरूंनी लिहून ठेवलेल्या शब्दकोशांचा आणि व्याकरणांचा. ज्यांच्या येण्याबरोबर मरण आले, त्यांच्याच वह्यांतून भाषेला पुन्हा श्वास मिळत आहे. ईश्वराच्या योजनेत कोणते काम केव्हा फळाला येईल, हे माणसाला सांगता येत नाही.

बंधुभगिनींनो, अशी भाषा आपल्या जिल्ह्यातही आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलणारी माणसे राहतात. जगातील कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते निश्चित जोडता आलेले नाही आणि ती बोलणारे जेमतेम काही हजार उरले आहेत. शेजारी कोरकू बोलली जाते. बाजारात, दवाखान्यात, शाळेत या माणसांशी आपण आपल्याच भाषेत बोलतो आणि त्यांना समजले नाही की त्यांनाच अडाणी ठरवतो. संत जाँ द ब्रेबफ यांचे स्मरण करायचे, तर त्यांच्याकडून शिकण्यासारखी पहिली गोष्ट हीच आहे: समोरच्याला त्याच्या नावाने हाक मारावी, त्याचा एक शब्द तरी त्याच्याकडून शिकावा, आणि त्याच्या नावेत बसताना पायाची वाळू बाहेर झाडून मगच आत यावे.